आईची सही

परवा एका मैत्रिणीशी वाद झाला. तिचं म्हणणं, गोव्यात स्त्रीवादाची गरजच काय? लेकीला मुलाइतकाच वाटा, लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. खरंच आहे. हे पोर्तुगिजांच्या नागरी संहितेतून आलं, ती १८६७ची. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेत जॉन स्टुअर्ट मिलने स्त्रियांना मताधिकार मागितला आणि ७३ विरुद्ध १९६ मतांनी तो हरला. इंग्रज लेखिका मेरी वोलस्टोनक्राफ्टने १७९२मध्ये मांडलेला उदारमतवादी विचार हाच: स्त्रीलाही बुद्धी आहे, तिला शिकवा, कायद्याने समान धरा.

मग कायदा असूनही माझ्या आईच्या हाती काय लागलं?

आजोबा गेल्यावर दोघे मामा तिला नोटरीकडे घेऊन गेले आणि तिने हक्क सोडल्याची सही केली. कुणी धमकावलं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. मी खूप वर्षांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "चवथीला माहेरी जायचं असतं गो."

ही सही उदारमतवादाला उलगडत नाही. त्याच्या लेखी तो स्वतंत्र व्यक्तीचा स्वतंत्र निर्णय. अमेरिकी रॅडिकल स्त्रीवादी केट मिलेटने १९७०मध्ये घरातल्या नात्यांतली सत्ता दाखवून दिली, ते वाचताना मला आईची ती सही आठवत राहिली. रॅडिकलला आपल्याकडे 'जहाल' म्हणतात आणि लोक बिचकतात. त्या शब्दाचा उगम 'मूळ' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, म्हणून मला 'मूलगामी' पटतं. आणि हे सगळं परक्यांकडूनच आलं असंही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२मध्येच घरातल्या पुरुषाला जाब विचारत होत्या.

मूलगाम्यांचं सगळंच मला मान्य नाही. सगळ्या बायकांचं दुखणं एकच, असं त्यांनी फार सहज धरलं. ज्या गोव्यात काही जातींच्या मुली पिढ्यानपिढ्या देवळाच्या सेवेला बांधल्या गेल्या, तिथे जात वगळून बाईविषयी बोलताच येत नाही. पण म्हणून कायदा पुरे, असंही कुणी म्हणू नये. याच संहितेने सामायिक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नव्हती, एवढाच तिला आधार. तो मोठा होता, पण सही मागायला येणारा घरातलाच असायचा.

आता बाबा गेले. वाटणीचे कागद तयार होताहेत. सही करणार नाही, असं मी भावाला सांगितलंय. तो दोन दिवस बोलला नाही. काल फोन करून म्हणाला, "ताई, चवथीला येतेस ना?" येणार आहे. गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधायला आदल्या दिवशीच येणार.