म्हणे, इथे काही मिळत नाही

सकाळपासून एक वाक्य डोक्यात रुतून बसलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबेल.

आमच्या वसाहतीच्या ग्रुपवर एका नव्या कुटुंबाने विचारलं, "गेल्याच आठवड्यात राहायला आलोय. रोजच्या खरेदीला इथे कुठे जायचं?" साधा प्रश्न. शहराच्या पार टोकाला घर घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात हेच विचारतो, मीही विचारलं होतं. तासाभरात तीसेक उत्तरं आली. निम्म्यांनी हायवेवरच्या मोठ्या दुकानाचा नकाशा टाकला, निम्म्यांनी ॲपची नावं. आणि एकाने लिहिलं, "इथे काही मिळत नाही. गाडी काढा आणि सरळ हायवे गाठा." त्याला अठरा अंगठे.

इथे काही मिळत नाही? आपल्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान आहे ना! सकाळी सातला शटर वर जातं, रात्री नऊ वाजून गेले तरी आत दिवा असतो. अंगठे देणाऱ्यांतले निदान दहा जण रोज त्याच्यासमोरून गाडी नेतात. रात्री अचानक बल्ब गेला, मुलाला सकाळच्या प्रोजेक्टसाठी कार्डशीट हवी असली की हेच लोक चपला अडकवून तिथे पळतात. तीस उत्तरांत त्या दुकानाचं नाव कुणालाही आठवू नये, याचा मला खरंच राग आलाय.

राग इतका का, ते सांगायचं तर बाबांचं सांगावं लागेल.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. सगळं आयुष्य गजबजलेल्या भागात गेलेला माणूस एकदम शहराच्या कडेला आला. ओळखीचं कुणी नाही, बसायला कट्टा नाही. पंधरा दिवसांत त्यांनी स्वतःच स्वतःला एक काम लावून घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं. त्यांच्या पावलांनी सहा मिनिटं. सकाळी वर्तमानपत्र. अकराला ब्लेड. दुपारी रिमोटचे सेल. संध्याकाळी पेनची रिफिल. चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत एक वस्तू. मला वाटायचं विसरतात. एकदोनदा चिडून म्हणालेसुद्धा, "बाबा, एकदाच यादी करा ना, सगळं एका खेपेत आणा." ते म्हणायचे, "करीन गं." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला ब्लेड.

मग मी ती गोष्ट केली. एका शनिवारी हायवेवर गेले आणि गाडीची डिकी भरून आणली. वर्षभराची ब्लेडं, सेलचं मोठं पाकीट, रिफिलींचा आख्खा बॉक्स, साबण, दोऱ्याची रिळं, सगळं. बाबांच्या कपाटात नीट लावून दिलं. केवढं समाधान वाटलं होतं मला! बाबांनी कपाट पाहिलं, "बरं झालं" म्हणाले आणि दार लावून घेतलं.

हे इथेच ठेवते, पुन्हा येते याच्याकडे.

मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर षटकोन काढते आणि वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाचा मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत समजावते. दक्षिण जर्मनीतली गावं अभ्यासून त्याने १९३३ मध्ये तो मांडला. पोरांना षटकोनांचा कंटाळा येतो, पण आत दडलेली गोष्ट आपल्या रोजच्या जगण्यातली आहे. लहानसहान, सतत लागणाऱ्या वस्तूसाठी माणूस फार लांब जात नाही. पलंग घ्यायचा, चष्मा करायचा, तर लांबही जातो. म्हणून रोजच्या वस्तूंची ठिकाणं जवळजवळ आणि भरपूर, क्वचितच्या वस्तूंची मोजकी आणि दूरदूर. त्याच्या मांडणीत सगळ्यात छोटी बाजारगावं एकमेकांपासून सुमारे ७ किलोमीटरवर होती, म्हणजे साधारण तासभर चालून कुणीही त्यांपैकी एखाद्या गावी पोचावं. चालून! १९३३ चा माणूस पायांचा हिशेब धरून बाजार मांडत होता.

आणि त्याची दुसरी कल्पना, जी मी इतकी वर्षं नुसती पाठ करून घेत आले, ती म्हणजे दुकान टिकायला लागणारं किमान गिऱ्हाईक. तेवढी माणसं आली तर दुकान चालतं. त्याच्याखाली आकडा गेला की ते हळूहळू चालायचं थांबत नाही, एक दिवस बंदच होतं. आणि बंद होतं ते सगळ्यांसाठी. गाडीवाल्याचं काही अडत नाही, तो आधीच हायवेवर असतो. अडतं ते ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांचं. आपल्यातले जे जे "इथे काही मिळत नाही" म्हणतात ते वर्णन करत नाहीयेत, ते तसं घडवतायत. गिऱ्हाईक नाही म्हणून माल कमी, माल कमी म्हणून गिऱ्हाईक नाही. आणि मग आपणच म्हणायचं, बघा, सांगितलं नव्हतं?

हो, हायवेवर भाव कमी पडतो, महिन्याकाठी फरक जाणवतो आणि ज्याला पैसे मोजून महिना काढायचा असतो त्याने तिथे जावं, मी कोण अडवणारी.

पण आपण, म्हणजे तुम्ही-मी, जे ही पोस्ट वाचतोय, आपण काय पैसे मोजून तिथे जातो? मी त्या शनिवारचा वेळ नंतर आठवून पाहिला. घरातून निघून परत सामान वर चढवेपर्यंत अडीच तास. पेट्रोल वेगळं. आणि यादीत नसलेल्या किती वस्तू आल्या, ते विचारूच नका. ते दुकान तसंच रचलेलं असतं. मोठं पाकीट स्वस्तच असणार असं आपण धरून चालतो. कधी दर ग्रॅमचा, दर नगाचा हिशेब करून बघा, प्रत्येक वेळी ते खरं निघत नाही.

ती ढकलगाडीसुद्धा बघा. १९३७ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्वन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात. म्हणून त्याने चाकांची गाडी आणली. लोक सुरुवातीला तिला हात लावेनात. मग त्याने पगारी माणसं ठेवली, दुकानात गाडी ढकलत गिऱ्हाईक असल्यासारखं फिरायला. तेव्हापासून हात दुखणं हा "आता पुरे"चा निरोप बंदच झाला. माझ्या बाबांचं "पुरे" त्यांच्या शर्टाच्या खिशाएवढं होतं. एक रिफिल मावली की पुरे. पुढची उद्या.

शहराबाहेर एकच अवाढव्य दुकान आणि समोर गाड्यांचं मैदान, हे काही आभाळातून पडलेलं नाही. कुणीतरी आखलंय. पॅरिसच्या बाहेर १९६३ मध्ये कारफूर या फ्रेंच कंपनीने पहिलं प्रचंड दुकान उघडलं, २,५०० चौरस मीटरचं, दाराशी ४०० गाड्यांची जागा. दुकानाइतकीच गाडीही गृहीत धरलेली. गाडी नसलेला माणूस त्या नकाशात कुठे होता?

व्हिक्टर ग्रुएनची गोष्ट तर मी वर्गात सांगते तेव्हा माझाच घसा दाटतो. व्हिएन्नाचा वास्तुविशारद, १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर अमेरिकेत गेलेला. तिथल्या उपनगरांत माणसं घरातून गाडीत आणि गाडीतून घरात, एकमेकांना भेटायला जागाच नाही, हे त्याला खुपलं. त्याला हवा होता आपल्या जुन्या शहरासारखा चौक. १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळ एडिनाला त्याने साउथडेल उभारलं, चहूबाजूंनी बंद आणि आत कायम एकच तापमान असलेला पहिला मॉल. आराखड्यात भोवती घरं, शाळा, बाग, दवाखाना असं सगळं होतं. दुकानं आणि पार्किंग तेवढं झालं. बाकीचं त्याच्या कल्पनेप्रमाणे कधी झालंच नाही. जगभर नक्कल झाली तीही दुकानांची आणि पार्किंगची. म्हातारपणी त्याने जाहीरपणे हात झटकले, हे माझं नव्हे म्हणाला. लोकांनी एकमेकांना भेटावं म्हणून बांधलेली गोष्ट शेवटी गाड्या लावायची जागा झाली.

असो. बाबा.

सामान भरल्यानंतर पहिले काही दिवस माझ्या लक्षातच आलं नाही. सकाळचं वर्तमानपत्र मी घरपोच सुरू केलं होतं, तीही माझीच हुशारी. बाबा खिडकीपाशी बसायचे. मग दुपारची झोप वाढली. मग जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरायला लागले. वय झालं, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं. वय झालं! दीड महिन्यापूर्वी दिवसाला चार वेळा जिना चढउतार करणारा माणूस!

मग एकदा मला सुई हवी होती म्हणून मी त्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी सुई दिलीच नाही. विचारलं, "ताई, काका कुठायत? बरे आहेत ना? दिसले नाहीत किती दिवस." मी म्हटलं बरे आहेत. त्याने ड्रॉवर उघडला आणि आतून कागदात गुंडाळलेल्या रिफिली काढल्या. म्हणाला, "काकांच्या त्या जुन्या पेनाच्या आहेत. आता कुणी ठेवत नाही. त्यांच्यासाठी मागवून ठेवल्यात."

मी हायवेवरून आणलेला बॉक्स बाबांच्या त्या पेनाला बसतच नव्हता. दीड महिना बाबांनी मला सांगितलं नव्हतं. एका परक्या माणसाला बाबांचं पेन कुठलं ते माहीत होतं आणि मी त्यांची मुलगी, मला नव्हतं.

त्या रिफिली मी घेतल्या नाहीत. म्हटलं, "राहू द्या, ते स्वतः येतील." घरी येऊन सांगितलं, तुमच्या पेनाच्या रिफिली आल्यात म्हणे, त्यांना ड्रॉवर रिकामा करायचाय. बाबा लगेच उठले. त्या दिवशी सहा मिनिटांच्या वाटेला त्यांना वीस मिनिटं लागली, मी गॅलरीतून बघत होते. परत येताना बरोबर एकच रिफिल आणली. दुसऱ्या दिवशी मी पेपरवाल्याला बंद करायला सांगितलं.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तो "काही मिळत नाही" लिहिणारा वाईट माणूस नाही. दिवसभर नोकरी, येताजाता वाहतूक, त्याला सगळं एका जागी हवंय आणि ते मी समजू शकते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, नुकतं बाळ झालेल्या घराला ते दहा मिनिटांत आणून देणारं ॲप आधार आहे, हेही कबूल. पण त्या ॲपमागच्या गोदामात कुणी गिऱ्हाईक पाऊल टाकत नाही, आणि पोचवणारा मुलगा दारात उभा राहून बोलायचं म्हणेल तर त्याची पुढची ऑर्डर चुकते. तो कुणासाठी काय बाजूला काढून ठेवणार? आणि "काका दिसले नाहीत" हे कोण विचारणार?

आपला दुकानदार काही देव नाही. कधी जुना माल खपवतो, पाकिटावरची तारीख बघूनच घ्या. सुट्टे परत द्यायला कुरकुर करतो. पण सांगितलं तर आणून देतो. हे लोकांना माहीतच नाही, कारण कुणी सांगत नाही. आपण दारात उभं राहून फळीकडे नजर टाकतो, वस्तू दिसली नाही की निघतो. तोंड उघडून "हे ठेवा ना, मी दर आठवड्याला नेईन" एवढं एकदा म्हणून बघा. तेवढ्या भरवशावर तो माल भरतो. मी गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांसाठी नकाशाच्या वह्या सांगितल्या, आता तिथे कायम असतात.

माझ्यापुरतं मी असं ठरवलंय. सतत लागणारं सगळं कोपऱ्यावरून. जड आणि वर्षातून एकदा लागणारं हायवेवरून, तेही शेजारणीबरोबर एका गाडीत. आणि काही हवं असलं की आधी दुकानात विचारायचं, मग फोन हातात घ्यायचा. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ देत.

परवा दुकानदार बोलता बोलता म्हणाला, "भाड्याचा करार संपतोय ताई, बघू पुढे काय ते." मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागली नाही. म्हणून आज सकाळचं ते वाक्य इतकं लागलं.

ग्रुपवर मी तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं, भांडण होईल म्हणून. आत्ता लिहून आले. "स्वागत. गेटमधून बाहेर पडून उजवीकडे, सहा मिनिटं चालत, कोपऱ्यावर दुकान आहे. सात ते नऊ. नसेल ते सांगा, दोन दिवसांत आणून देतात."

अजून एकही अंगठा आलेला नाही. बाबा चपला घालतायत. रिफिल आणायला निघालेत. कपाटात सात पडल्यात, मी मोजल्यात.