शाळेतील रक्तदान शिबिराबाबत खुलासा

आपल्या शाळेत २६ जानेवारीला होणाऱ्या रक्तदान शिबिरात आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांचे रक्त घेतले जाणार असून नकार देणाऱ्यांचे समाजसेवेचे गुण कापले जातील, असा संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो खरा नाही. पालक-शिक्षक संघाने मूळ सूचनापत्र मुख्याध्यापकांसमवेत पुन्हा वाचले. त्यानुसार शिबिर पालक, शिक्षक व परिसरातील नागरिकांसाठी असून, विद्यार्थ्यांनी नोंदणीच्या टेबलाजवळ रक्तदात्यांची रांग लावायची आणि त्यांना चहा-बिस्किटे द्यायची, एवढेच काम आहे, तेही ऐच्छिक. गुणांचा उल्लेखच नाही.

मुळात देशातील औषध नियमांनुसार रक्तदात्याचे वय किमान १८ वर्षे आणि वजन किमान ४५ किलो असावे लागते, शिवाय हिमोग्लोबिनही आधी तपासले जाते. त्यामुळे दहावीतल्या मुलाचे रक्त परवानाधारक रक्तपेढी घेऊच शकत नाही. ‘आठवी ते दहावीचे विद्यार्थी सहभागी होतील’ एवढेच वाक्य तोडून पुढे गेल्याने गैरसमज झाला असावा, आणि ते वाचून पालकांना काळजी वाटणे स्वाभाविकच होते. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. ज्या गटांवर तो गेला आहे, तेथे हा खुलासा द्यावा. ध्वजवंदन व प्रभातफेरी ठरल्याप्रमाणेच होईल.