गोळ्या समुद्रात फेकायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘कोकणी पुरुषाला डिप्रेशन होत नाही’ हा मेसेज दोन महिने वाडीच्या ग्रुपवर फिरतोय. आजोबांना कुठे होतं डिप्रेशन? गोळ्यांचं व्यसन लागतं, समुद्रात फेका. पहाटे उठा, कामाला लागा. पुरुषाने रडगाणं गाऊ नये. एवढाच त्याचा मजकूर. मी गप्प होतो. पण माझ्या धाकट्या भावाने तो वाचून, घरात कुणाला न सांगता, गोळ्या बंद केल्या.

म्हणून गोळ्यांचंच आधी. भावाचे उपचार सुरू होऊन पाच महिने झाले होते. झोप लागत होती, कलमांच्या फवारणीसाठी गड्यांना फोन स्वतः करू लागला होता. गोळ्या सोडल्यावर तिसऱ्या दिवशी गरगरायला लागलं. मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. आणि मला म्हणतो, “बघलंस दादा? लागली ना माका सवय!” त्रास गोळ्या अचानक सोडल्याचा, पण मेसेजमुळे त्याला तो व्यसनाचा पुरावा वाटला. संताप येतो तो याचा.

व्यसनात माणूस त्या वस्तूसाठी तडफडतो, मात्रा वाढवत नेतो. डिप्रेशनच्या गोळीचं तसं नाही. ती चढत नाही, गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात. मात्र एकदम थांबवली की शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करतात, तेही पूर्ण बरं वाटल्यावर साधारण सहा महिने तरी चालू ठेवून. बरं वाटतंय म्हणून मधेच सोडली तर आजार उलटण्याचा धोका मोठा.

चिंतेवर किंवा झोपेसाठी देतात त्या काही गोळ्यांची, अल्प्राझोलामसारख्यांची, सवय लागू शकते. हे खरं आहे, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्याच देतात. पण मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्याच गोळ्या एका पिशवीत भरल्या.

आजोबांच्या काळाचं म्हणाल तर रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. “ह्याका रत्नागिरीक न्हेवक होया” हा टोमणा आम्ही आजोबांच्याच तोंडून ऐकला. मनाचे आजार तेव्हाही होते. कुणी त्याला बाधा म्हणायचं, कुणी दारूवर ढकलायचं.

कामाने, चालण्याने बरं वाटतं, मान्य. पण अंथरुणातून उठवत नाही, हाच तर आजार! पहिले दोन महिने भाऊ पडवीपर्यंत आला तरी आई सुटकेचा श्वास टाकायची. पुढे छोटी छोटी कामं डॉक्टरांनीच नेमून दिली.

राहिलं रडगाणं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यात जवळपास ७२ टक्के पुरुष. अशा देशात पुरुषांना ‘बोलू नका’ सांगायचं? घरी बोलवत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

ज्या काकांनी हा मेसेज टाकला ते वडिलांच्या जागी आहेत, त्यांच्या मनात वाईट नव्हतं हेही मला ठाऊक आहे. काका, तो काढून टाका. आणि त्याच ग्रुपवर लिहा, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी गोळ्या बंद करू नयेत. भाऊ तो ग्रुप अजून रोज वाचतो.