सी लायनला बाक, मला दोरी

परदेशी माणसाने इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर नुसता पाय ठेवायचे 200 डॉलर. आधी 100 होते, ऑगस्ट 2024 पासून डबल केले, वर ट्रान्झिट कार्डाचे 20 वेगळे. इक्वाडोरच्या लोकांना मात्र 30. बरं, त्यांचं बेट, त्यांची कासवं, आपण कोण बोलणार, पण एवढे मोजल्यावर माणसाला बूड टेकायला बाक तरी मिळावा की नाही?

31 डिसेंबरची दुपार, त्यातलं सान क्रिस्तोबाल बेट, बंदराकाठचा रस्ता. सावलीतला एकमेव रिकामा बाक पकडून मी केळ्याचे वेफर्स उघडले (तिकडे चिफ्लेस म्हणतात, चव आपलीच) आणि तेवढ्यात एक सी लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) पायऱ्या चढून फुरफुरत आला, ओलाचिंब, कुजक्या मासळीचा वास, आणि चक्क मला ढकलत बाकावर चढला. बायको म्हणते, "अहो हलू नका, व्हिडिओ चाललाय."

"सेन्योर! दोस मेत्रोस!"

मागे वळून बघतो तर काळा ड्रेस, काळी ओढणी, लालभडक लिपस्टिक आणि त्यावर भरघोस मिशी. तिकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी जुन्या कपड्यांत भुसा भरून पुतळे करतात, आन्यो वियेहो, म्हणजे सरतं वर्ष, आणि रात्री बाराला रस्त्यात जाळतात. त्या मरणाऱ्या वर्षाच्या विधवा म्हणून बाप्ये नटतात, दोरी आडवी धरून गाड्या अडवतात, गळे काढून रडतात आणि चिल्लर दिल्याशिवाय सोडत नाहीत. आपला शिमग्याचा पोस्त, सेम टू सेम.

तर ही विधवा मला प्राण्यांपासून दोन मीटर लांब राहायचा नियम शिकवत होती. मी मोबाईलवर भाषांतर करून दाखवलं की बाई, मी गेलो नाही, तो आलाय. तिने वाचलं, मान डोलावली, दुसऱ्या मिशाळ विधवेला हाक मारली, आणि दोघींनी गाड्या अडवायची ती दोरी सी लायनच्या नाकापासून माझ्या पोटापर्यंत ताणून मापली! मी मागे सरकलो. सी लायनने कूस बदलली. परत माप. करत करत मी फुटपाथवरून खाली, उन्हात.

म्हटलं, त्याला का नाही सांगत? तर म्हणे, तो इथला रहिवासी आहे.

रहिवासी! इथे कायमचं राहायला खुद्द राजधानी क्वितोच्या माणसालाही परवाना लागतो, 1998 पासून कायदाच आहे तसा. याचा परवाना कुणी बघितलाय? आणि पलीकडे एक पोरगा सेल्फी स्टिक घेऊन दुसऱ्या सी लायनच्या मिशांपर्यंत पोचला होता, त्याला दोरी नाही की दोस मेत्रोस नाही. नियम चांगलाय हो, विमानतळावर फळं-बिया शोधायला आमच्या बॅगा उपसल्या तेव्हाही मी हूं की चूं केलं नाही, कारण बाहेरून आलेल्या शेळ्यांनी या बेटांवरच्या कासवांचा चारा फस्त केलाय हे मला माहितीये. पण नियम नेमका गरिबाला सापडतो, जगात कुठेही जा.

ते संपतंय तोवर विधवेने माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला सुरुवात केली. नवरा मेलाय, एक डॉलर द्या. (2000 सालापासून त्यांचं चलन अमेरिकन डॉलरच आहे, त्यामुळे रुपयात गुणाकार करत रडायचं आपण.) माझ्याकडे फक्त 20 ची नोट, म्हटलं सुटलो, सुट्टे नाहीत. तर बाईने ब्लाउजमध्ये हात घातला आणि एक डॉलरची ती सोनेरी नाणी मूठभर बाहेर काढली, अमेरिकेत कुणी फारशी वापरत नाही ती, इकडे मात्र सगळ्यांच्या खिशात खुळखुळतात.

मोजली. 18.

म्हटलं, एक कमी आहे.

तिने दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "आम्ही दोघी आहोत."