"ए-क्लास मागितली तर मालकानं प्रवचन दिलं" या 1 स्टार रिव्ह्यूवर माझं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू वाचला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, भाऊचं म्हणणं असं की ते बाबांसोबत आमच्या कारंज्याच्या (जि. वाशिम) जुन्या गाड्यांच्या यार्डात 2021 ची मर्सिडीज ए-क्लास लिमोझिन पेट्रोल पाहायला आले, तर मी गाडी दाखवायची सोडून प्रवचन दिलं, "हिच्यात डस्टरचं इंजिन आहे" म्हणून हिणवलं, जबरदस्ती मागच्या सीटवर बसवलं, दिल्लीपेक्षा 2 लाख जास्त रेट सांगितला अन् वरून एसयूव्ही गळ्यात मारायला पाहिली. शेवटचं वाक्य, "गावच्या पोरानं मर्सिडीज घेतलेली या जुन्या लोकांना बघवत नाही."

बघवत नाही कसं म्हणता राजेहो, तुमच्यासारखे पोट्टे आहेत म्हणून तर माझ्याकडच्या सेडान विकल्या जातात. पन्नाशीचं गिऱ्हाईक गेटमधून आत आलं की इनोव्हा नाहीतर फॉर्च्युनर विचारतं, सेडानच्या बॉनेटवर हात टेकून उभं राहील पण किंमत विचारणार नाही. दार उघडून आधी स्टेअरिंग धरून पाहणारा पंचविशी-तिशीतलाच असतो, अन् समृद्धी झाल्यापासून तर जास्तच. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून 2025 मध्ये शेवटचा टप्पा उघडून 701 किलोमीटर पूर्ण झाला, कारंज्याला चढायला इंटरचेंज, कारला 120 ची लिमिट, मग रस्त्याला चिकटून पळणारी बसकी गाडी पाहिजे असं वाटणारच. मलाही वाटतं.

आता डस्टरचं. हिणवलं नाही भाऊ, माहिती दिली. ए-क्लासमधलं 1.3 लिटर टर्बो पेट्रोल हे रेनो अन् मर्सिडीजवाल्या डाइमलरनं मिळून बनवलेलं इंजिन आहे, त्याच घराण्यातलं 2020 च्या टर्बो डस्टरमध्ये होतं. ताकद डस्टरमध्ये 156 पीएस, ए-क्लासमध्ये 163. अन् मी असंही म्हणालो होतो की इंजिन मस्त आहे, हलकं आहे, ओढतं चांगलं, वाक्याचा तो अर्धा भाग तुमच्या रिव्ह्यूत आला नाही, चालायचंच. पण 24 लाख मोजणाऱ्या माणसाला बॉनेटखाली काय आहे ते मी सांगणार नाही तर कोण सांगणार? उद्या गावातला एखादा मेकॅनिक चहा पिता पिता तुम्हाला हेच सांगेल अन् मग तुम्ही म्हणाल की यार्डवाल्यानं लपवलं.

आता मला जे खरं सांगायचं होतं अन् तुम्ही मध्येच फोन घ्यायला बाहेर गेले म्हणून राहिलं, ते इथं लिहितो.

ही गाडी तुमच्याच वयासाठी बनवलेली आहे. त्यात तुमचा अपमान नाही, कंपनीचा हिशोबच तो आहे. सेडान घेणारा म्हातारा होत चालला, त्याची पोरं एसयूव्हीकडे निघाली, मग लक्झरीवाल्यांनी विचार केला की तिशीतच पोराला आपला लोगो लावून द्यायचा, पुढं तो आपणहून सी-क्लास घेईल, मग ई-क्लास घेईल. स्वस्तातली छोटी मर्सिडीज ही कल्पना जुनीच आहे म्हणा, 1982 मध्ये त्यांनी 190 काढली होती, लोक तिला बेबी बेंझ म्हणायचे. पण ती मोठ्या गाडीसारखीच मागच्या चाकांवर चालायची, मोठ्या गाडीसारखीच जड बांधलेली. खरा बदल 2013 मध्ये सीएलए नावाच्या छोट्या मर्सिडीजनं केला.

तिची अमेरिकेतली जाहिरात पाहा कधीतरी. तिकडं सुपर बोल म्हणून त्यांच्या फुटबॉलची फायनल असते, त्या मॅचमध्ये दाखवली होती. एक तरुण पोरगा हॉटेलात बसलेला, समोर सैतान, तो कागद पुढं करतो की सही कर, गाडी तुझी, सोबत नाव, पार्ट्या, पोरी, सगळं तुझं. पोरगा सही करणार तेवढ्यात त्याला खिडकीबाहेर होर्डिंग दिसतं, किंमत 29,900 डॉलर. झालं, पोरगा सही करत नाही, एवढ्यातच येते तर आत्मा काऊन विकायचा! अख्ख्या जाहिरातीचा जोर त्या एका आकड्यावर. मर्सिडीजसारखी कंपनी जगासमोर उभी राहून "आमची गाडी तुला परवडते" म्हणते ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपल्याकडं ती जानेवारी 2015 मध्ये 31.5 लाखापासून आली, अन् तुम्ही पाहिलेली ए-क्लास लिमोझिन मार्च 2021 मध्ये 39.9 लाखापासून, दोन्ही एक्स-शोरूम.

मग किंमत खाली आणली कशी? इंजिन आडवं बसवलं, पुढची चाकं फिरवली, हॅचबॅकसोबत सांगाडा वाटून घेतला. जिथं नजर जात नाही तिथं हात आखडला अन् जिथं नजर जाते तिथं मोकळा सोडला. तुम्ही दार उघडल्यावर पहिले काय केलं आठवते का, आतले लाईट बदलून पाहिले, 64 रंग आहेत त्यात, ते होईपर्यंत बाबा उन्हात उभे होते. 10.25 इंचाचे दोन स्क्रीन, बोलून चालणारी सिस्टीम. अन् यातली सगळ्यात हुशारी मला विचाराल तर ही की ती "हे मर्सिडीज" म्हटल्यावर उत्तर देणारी सिस्टीम त्यांनी 2018 मध्ये पहिले ए-क्लासमध्येच दिली. आधी कसं होतं, नवीन काही आलं की एस-क्लासमध्ये यायचं, मग हळूहळू खाली झिरपायचं. इथं उलटं केलं, कारण मोबाईलसारखी गाडी कोणाला पाहिजे ते त्यांना बरोबर माहीत होतं.

हे मर्सिडीजच एकटी करते असंही नाही. ऑडीनं ऑगस्ट 2014 मध्ये ए3 सेडान 22.95 लाखापासून आणली, फोक्सवॅगन ग्रुपच्या एमक्यूबी सांगाड्यावर, अन् त्याच सांगाड्यावर स्कोडा ऑक्टेव्हिया. दोघींतही 1.8 टर्बो पेट्रोल नाहीतर 2 लिटर डिझेल, दोन्ही तेव्हाच्या औरंगाबादेतच जुळायच्या. डिक्की ऑडीची 425 लिटर, ऑक्टेव्हियाची 590. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी डिक्की, तरी ए3 विकल्या गेली, कारण लोगोच्या चार रिंगा. बीएमडब्ल्यूचा तर सगळा डौलच मागची चाकं ढकलतात यावर होता, त्यांनीही 2020 मध्ये 2 सीरीज ग्रान कूपे पुढच्या चाकांवर आणली, 39.3 लाखापासून, चारही दारांच्या काचांना फ्रेम नाही. दिसते भारी, त्यात वाद नाही.

माझ्या मते यात फसवणूक काही नाही, पण एक हद्द असते. अमेरिकेत कॅडिलॅकनं 1982 चं मॉडेल म्हणून सिमरॉन काढली होती, म्हणजे शेव्हरलेची साधी कॅव्हेलियर, वर लेदरच्या सीटा अन् कॅडिलॅकचा लोगो. गिऱ्हाईकाला दोन्ही गाड्या शेजारी शेजारी दिसायच्या, 1988 पर्यंत कशीबशी चालवली अन् बंद केली, त्या नावाची आजही थट्टा होते. ए-क्लास तशी नाही. ती चालवल्यावर, बंद दाराच्या आवाजावरून, ब्रेकवरून कळते की मेहनत घेतली आहे. म्हणूनच मी ती माझ्या यार्डात उभी केली, नाहीतर घेतलीच नसती.

मग मागच्या सीटचं नाटक कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुम्हीच बोलता बोलता म्हणाले नं की घरची एकच गाडी राहील, आधीची विकून हीच घ्यायची, घरात आजी आहे. आता गंमत पाहा, ज्या कंपनीनं पोरांसाठी पुढच्या सीटची गाडी केली तिनंच 2017 मध्ये भारतात ई-क्लास मुद्दाम लांब करून आणली, मागं पाय पसरायला जागा, कारण इथला मालक मागं बसतो हे तिला कळलं होतं. बापाची गाडी वेगळी, लेकाची वेगळी. जर्मनीत काय, मुंबईत काय, चालत असेल. आपल्याकडं बाप-लेक एकाच गाडीत वावरातही जातात अन् लग्नालाही. बाबा मागं बसले तेव्हा तुम्ही पुढं स्क्रीनशी खेळत होते, मी दाराशी उभा होतो. मांड्या अधांतरी, गुडघे वर, टोपी छताला टेकली ती त्यांनी काढून हातात घेतली. उतरताना दाराच्या खांबाला धरून आधी एक पाय बाहेर काढला, मग थांबले, मग दुसरा. बोलले काहीच नाहीत. पोराच्या हौशीपुढं बाप बोलत नसतो, म्हणून मी बोललो, अन् ते तुम्हाला प्रवचन वाटलं.

एसयूव्हीचंही तेच. मी म्हणालो एक उंच गाडी पण पाहून घ्या. तुमचं घर डांबरी रस्त्यापासून आत आहे, मधात पांदण, अन् पावसाळ्यात आपली काळी माती कशी असते ते मी तुम्हाला काय सांगू. एका गिऱ्हाईकाची बसकी सेडान, कंपनीचं नाव घेत नाही, बैलगाडीच्या चाकोरीमधल्या उंचवट्यावर बसली अन् चेंबर फुटलं. ऑईल कुठं सांडलं ते चिखलात दिसलंच नाही, तो तसाच फाट्यापर्यंत चालवत आला अन् इंजिन धरलं. तिथून फ्लॅटबेडवर टाकून नागपूर. या गाड्यांना कंपनीची सर्विस आपल्याला नागपूरशिवाय जवळ नाही, हे सेकंडहँड घेणाऱ्यानं पहिले लक्षात घ्यायचं. गाडीची किंमत निम्मी होते, पार्टची होत नाही. टायर, हेडलाईट, सस्पेन्शन सगळं नव्या गाडीच्याच भावात मिळतं. नवीन घेणारा तीन-चार वर्षांची वॉरंटी वापरून, बायबॅकवर गाडी परत देऊन मोकळा होतो, त्याच्यासाठी ही स्कीम फिट बसवलेली आहे. खरा खर्च सुरू होतो तेव्हा गाडी तुमच्या-माझ्या दारात असते.

राहिला दिल्लीचा रेट. दिल्लीत गाड्या स्वस्त असतात, खरं आहे, तिथं डिझेलला 10 वर्षं अन् पेट्रोलला 15 वर्षांची अट लागून गेली, त्यामुळे लोक लवकर विकून मोकळे होतात. पण तिथून आणली की एनओसी, इथला रोड टॅक्स परत भरा, पासिंग, आणायचा खर्च, आरटीओच्या चकरा वेगळ्या. एवढं सगळं करून वाशिमच्या 37 पासिंगची प्लेट लागेपर्यंत 2 लाखातले किती उरतात ते कागदावर मांडा. माझी गाडी महाराष्ट्राचीच, पहिल्या मालकाची, सर्विस हिस्ट्री सगळी आहे. अन् आम्हाला मार्जिनवर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो, तो काही घरून टाकत नाही.

तुमची हौस मी कमी लेखत नाही भाऊ. संत्र्याचं अन् सोयाबीनचं पोरगं मर्सिडीजमधून उतरलं पाहिजे असं मलाही वाटतं. फक्त ते उतरताना मागून बाबाही नीट उतरले पाहिजेत. त्याच पैशात थोडी जुनी सी-क्लास मिळते, मागच्या चाकांची, मागं जरा बरी बसायची, स्क्रीन लहान आहे, रीलमध्ये तेवढी उठून दिसणार नाही. माझ्याकडं आत्ता नाही, आली तर कळवतो.

ए-क्लास अजून यार्डातच आहे, टोकन कोणाचं घेतलं नाही. तीच घ्यायची ठरली तर नागपूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन स्कॅनिंग करू, बिल माझं, पण गाडी लिफ्टवर चढली की खाली तुम्ही स्वतः उभं राहून पाहायचं. रेट 2 लाखानं कमी होणार नाही, 40 हजारापर्यंत बोलता येईल, तेही फोनवर नाही, समोर बसून. मंगळवारी यार्ड बंद असतं.