हळद डीएनएची पंक्चरं काढत नाही

महिन्याभरात हा मजकूर तीन ग्रुपवरून आला. तिसऱ्यांदा तो सख्ख्या मावशीने पाठवला, म्हणून उत्तर लिहायला बसलो. दावा थोडक्यात असा: रोज रात्री चमचाभर हळद दुधातून घ्या. तिच्यातलं कर्क्युमिन तुटलेला डीएनए दुरुस्त करतं, त्यामुळे कर्करोग होतच नाही. मिरपूड घातली की परिणाम २००० टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेनेही हे मानलं, उगाच का हळदीचं पेटंट घेतलं? आणि वनस्पतीतून आलेलं असल्याने कितीही घ्या, अपाय नाही.

सगळंच खोटं असतं तर दोन ओळींत भागलं असतं.

‘डीएनए दुरुस्त करतं.’ गफलत या एका क्रियापदात आहे. पेशीतल्या डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते. उन्हाने होते, धुराने होते, आणि पेशी स्वतः ऑक्सिजन वापरते त्यानेही होते. ती निस्तरणारी यंत्रणा पेशीतच असते. काही एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं) बिघडलेला तुकडा कापून काढतात, काही तिथे नवा बसवतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खाण्यातल्या वनस्पतिजन्य संयुगांचं जे काम माणसांमध्ये मोजलं गेलं आहे, ते बहुतेक याच्या आधीच्या टप्प्यावरचं आहे: घातक रेणू डीएनएपर्यंत पोचण्याआधी अडवायचा, किंवा लवकर शरीराबाहेर घालवायचा. पंक्चर काढणारा वेगळा आणि रस्त्यावरचे खिळे वेचणारा वेगळा.

खिळे वेचण्याचा पुरावा मात्र आहे, आणि तो आपल्या देशातला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ जुन्या धूम्रपान करणाऱ्यांना ३० दिवस रोज दीड ग्रॅम हळद दिली. त्यांच्या लघवीत जनुकीय बदल घडवणारे पदार्थ किती आहेत, हे जिवाणूंवर तपासलं. याला, ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाच्या नावावरून, एम्स चाचणी म्हणतात. प्रमाण लक्षणीय घटलं. दीड ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा चमचा, म्हणजे घरात खपते तेवढीच हळद, म्हणून मला या अभ्यासाचं अप्रूप आहे. पण माणसं १६, मुदत एक महिना, आणि तपासली ती लघवी. यावरून ‘कर्करोग होतच नाही’ इथवर उडी मारायला हनुमानच लागेल.

याहून भक्कम उदाहरण हळदीचं नाहीच. शांघायच्या उत्तरेला छिदोंग नावाचा भाग आहे. तिथे यकृताचा कर्करोग फार, आणि त्यामागचं एक कारण धान्याला लागणाऱ्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. तिथल्या १८० जणांवरच्या चाचणीत काहींना चार महिने प्रत्येक जेवणासोबत १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन दिलं. हे हिरव्या पानांतल्या हरितद्रव्यापासून बनवतात. अफ्लाटॉक्सिन डीएनएला चिकटल्याची खूण लघवीत सापडते. ती खूण या गटात ५५ टक्क्यांनी कमी निघाली. क्लोरोफिलिन बहुधा आतड्यातच विषाला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. आजी सुपात शेंगदाणे घेऊन काळे, बुरसटलेले दाणे बाजूला काढायची. तिचा उद्योग याच जातीचा, फक्त आणखी एक पायरी अलीकडचा.

‘चमचाभर पुरतं.’ आता हिशोब करू. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. तीन ग्रॅमच्या चमच्यात ते ९० मिलिग्रॅम भरतं. इंग्लंडमधल्या लेस्टरला आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास हळद. तरी रक्तात ते सापडलं जेमतेम ११ नॅनोमोलर (नॅनोमोलर हे अतिसूक्ष्म प्रमाणाचं माप). प्रयोगशाळेच्या बशीत पेशींवर जे चमत्कार दिसतात, त्यांत अनेकदा याच्या हजारपट कर्क्युमिन ओतलेलं असतं. मात्र त्याच संशोधकांना पुढे असंही दिसलं की रक्तात न गेलेलं कर्क्युमिन आतड्याच्या अस्तरात टिकतं आणि तिथल्या गाठीत डीएनएवरचा एक प्रकारचा डाग कमी होतो. म्हणजे आतड्यापुरती आशा आहे. मेंदू, फुप्फुस, रक्त यांच्याबाबत आशा लावून बसण्यात अर्थ नाही, तिथे ते जवळजवळ पोचतच नाही.

२००० टक्क्यांचा आकडा खरा आहे. बंगळुरूच्या १९९८च्या अभ्यासातला. दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन (मिऱ्यातला तिखट घटक) दिल्यावर रक्तातलं प्रमाण तेवढं वाढलं. पण एकट्या कर्क्युमिनचं प्रमाण इतकं नगण्य होतं की नगण्याची वीस-एकवीसपट झाली, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय यकृत ज्या गतीने औषधं निकालात काढतं ती गती पिपरीन मंदावतं, त्यामुळे तुमच्या इतर गोळ्यांचं रक्तातलं प्रमाणही वाढू शकतं. हा भाग मजकुरात नसतो.

पेटंटचं लवकर उरकतो. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ते मिळालं होतं जखम भरण्यासाठी हळद वापरण्याबद्दल. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुनी कागदपत्रं दाखवली आणि १९९७ साली ते रद्द झालं, कारण त्यात नवं काही नव्हतं. डीएनएचा विषय त्यात कुठेच नाही.

‘नैसर्गिक, म्हणून कितीही घ्या.’ इथे मात्र रेंगाळतो. फेसलेली मोहरी आठवा. दाणा अख्खा असताना मुका असतो. पाणी घालून घोटला की दाण्यात वेगळे ठेवलेले दोन पदार्थ एकत्र येतात आणि नाकात झणका जातो. तो झणका मोहरीने आपल्यासाठी नाही, किड्यांना हुसकायला ठेवलेला आहे. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन याच घराण्यातलं. शरीर त्याला किंचित विष समजतं, सावध होतं आणि विष निचरा करणारी आपली एन्झाइम वाढवतं. फायदा होतो तो या सौम्य धमकीमुळे, म्हणून मात्रा महत्त्वाची. (मोहरीतल्या त्या दोन पदार्थांपैकी एक एन्झाइम असतं. फोडणीच्या तेलात ते जळतं, तडतडलेल्या मोहरीत चव उरते, झणका नाही.)

मात्रा चुकली की काय होतं ते फिनलंडने पाहिलं. गाजरातलं बीटा कॅरोटीन २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत गोळीतून दिलं. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ साली मध्येच थांबवावी लागली. हळदीच्या गोळ्यांबद्दलही ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ साली यकृताला इजा होण्याचा इशारा दिला आहे. जेवणातल्या हळदीबद्दल नव्हे, गोळ्यांबद्दल.

आणि पुडी शुद्ध असेल तर हे सगळं. बांगलादेशात हळकुंडं पॉलिश करताना रंगासाठी लेड क्रोमेट चोळलेलं संशोधकांना सापडलं. त्यात शिसं आहेच, पण त्यातलं क्रोमियम ज्या रूपात असतं ते स्वतःच डीएनएला इजा करतं.

मावशीला फोन करून म्हटलं, दूध-हळद आवडते तर घे, पण तू घेतेस त्या हळदीच्या कॅप्सूलची बाटली डॉक्टरांना दाखव. आणि हो, काकांची तंबाखू सुटली का?

“ते सोडून बोल,” म्हणाली.