इंग्रजीतलं ‘मिझ’ विधवेसाठी नाही

‘इंग्रजी पत्रात बाईंना काय म्हणावं?’ असा एक संदेश सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात लिहिलंय की बिनलग्नाची ती मिस, लग्न झालेली ती मिसेस आणि विधवा किंवा घटस्फोटित ती मिझ. शिवाय मिसेसनंतर नवऱ्याचंच नाव हवं, तिशीनंतर मिस चालत नाही आणि नाव माहीत नसेल तर सरळ ‘डिअर सर’ लिहावं. हे वाचून माझ्या भाचीनं नोकरीच्या अर्जातलं ‘मिझ’ खोडून टाकलं. आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे. एम आणि एस ही दोन अक्षरं लिहून ज्याचा उच्चार ‘मिझ’ होतो, ते संबोधन लग्नाचा पत्ता लागू नये म्हणूनच सुचवलं गेलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ‘स्प्रिंगफील्ड संडे रिपब्लिकन’ या वृत्तपत्राच्या १० नोव्हेंबर १९०१ च्या अंकात ती सूचना छापलेली आहे. बाईचं लग्न झालंय की नाही हे ठाऊक नसेल तर लिहिणाऱ्याची पंचाईत होते, म्हणून दोघींनाही चालेल असं एकच संबोधन असावं, हा तिचा गाभा. उच्चारसुद्धा तिथंच सुचवलाय. पुढं सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीनं तो शब्द रुजवला आणि बरीच वर्षं नकार दिल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’नंही १९८६ मध्ये तो स्वीकारला. यात विधवा आली कुठून?

बहुधा आपल्याच लग्नपत्रिकांमधून. आपण सौ. आणि श्रीमती अशी वाटणी करतो आणि तीच कुणीतरी इंग्रजीवर चिकटवली. इंग्रजीत विधवेसाठी वेगळं संबोधनच नाही. नवरा गेला तरी मिसेस लावणारी बाई मिसेस राहते, आणि तिला मिझ हवं असेल तर मिझ. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. आणि इथंच बायका एकमेकींना वैधव्याचा हा नवा शिक्का ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पाठवतात, याचा मला संताप येतो.

नवऱ्याच्या नावाबद्दल थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. जुन्या इंग्रजी शिष्टाचारात मिसेसनंतर नवऱ्याचं नाव-आडनाव लिहीत, आणि तिथं बाईचं स्वतःचं नाव असलं तर ती घटस्फोटित समजली जाई. आजच्या कामकाजाच्या पत्रात हे पाळायची गरज नाही. मायन्यात संबोधन आडनावाला लावायचं: ‘डिअर मिझ पाटील’ बरोबर, ‘डिअर मिझ सुनीता’ चूक. बाई डॉक्टर किंवा प्राध्यापक असतील तर ती पदवी लावायची, जोडीला मिझ नको. त्यांनी स्वतः सहीत मिसेस लिहिलं असेल तर आपणही मुकाट्यानं मिसेसच लिहायचं.

तिशीची अट कुठंही नाही. शाळेत तर लग्न झालेल्या बाईंनाही मुलं मिसच म्हणतात.

‘डिअर सर’चा सल्ला मात्र धंद्याला मारक आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून परदेशी ग्राहकांना पत्रं जातात, आणि पलीकडं खरेदी बघणारी बाई असेल तर पहिल्या ओळीतच तिचा अपमान होतो. नाव माहीत नसेल तर ‘डिअर सर ऑर मॅडम’ लिहा. ब्रिटिश पद्धतीत त्याचा शेवट ‘युअर्स फेथफुली’नं होतो, आणि आडनाव लिहून सुरुवात केली असेल तर ‘युअर्स सिन्सिअर्ली’नं. नाव माहीत आहे पण बाई की पुरुष कळत नाही, तिथं संबोधन गाळून पूर्ण नाव लिहा. आंद्रेआ हे नाव इटलीत सहसा पुरुषाचं असतं, जर्मनीत बाईचं. तिकडच्यांनाही किरण किंवा सुहास वाचून काही उमगत नाही. म्हणून सहीखाली टाइप केलेल्या नावानंतर कंसात मिझ लिहावं, म्हणजे उत्तर ‘मिस्टर’ म्हणून येत नाही.

राहिला टिंबाचा प्रश्न. ब्रिटिश पद्धतीत मिझ, मिसेसनंतर टिंब नसतं, अमेरिकन पद्धतीत असतं. मिसनंतर कुठंच नाही. अर्जात स्वतःच्या नावाआधी काही लावायची सक्ती नसते. ऑनलाइन फॉर्ममध्ये निवडावंच लागलं तर बिनलग्नाची असो, लग्न झालेली असो की विधवा, मिझ निवडलं तर माहिती खोटी ठरत नाही.